हाती किती वेळ आहे? : आपत्तींचे इशारे आणि वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही वाचकांना विचारले होते की, वादळ, पूर, वीज, भूकंप आणि दरडी यांवर देशभर नजर कोण ठेवते, कशी ठेवते आणि तिचे इशारे आपल्यापर्यंत कसे पोहोचतात, याविषयी आपल्या मनात काय शंका आहेत. आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक पत्रे तक्रारीच्या सुरात आहेत. काही तक्रारी रास्त आहेत. काहींचे मूळ मात्र सगळ्या संकटांना एकाच फूटपट्टीने मोजण्यात आहे. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ चार-पाच दिवसांची सवड देते, मोठ्या नदीचा पूर एखादा दिवस देतो, वीज अर्ध्या तासाच्या आत येते आणि भूकंप काही सेकंदही देईलच असे नाही. त्यामुळे पुढील उत्तरांत आम्ही प्रत्येक वेळी आधी हाच हिशेब मांडला आहे की, त्या संकटात आपल्या हाती वेळ किती असतो. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : जिल्ह्याला ‘रेड अलर्ट’ दिला म्हणून शाळा बंद ठेवतात आणि नेमके त्याच दिवशी लख्ख ऊन पडते. उलट ‘यलो’ असताना पाऊस झोडपून काढतो. हे रंग नेमके सांगतात तरी काय? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्याकडे असा समज रुजला आहे की, पिवळा म्हणजे थोडा पाऊस, नारिंगी म्हणजे जास्त आणि लाल म्हणजे फार जास्त. पावसाच्या प्रमाणासाठी हवामान विभागाचे शब्द वेगळे आहेत. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला तर ‘अति मुसळधार’ आणि त्याहून अधिक झाला तर ‘अत्यंत मुसळधार’. रंग ठरवताना दोन गोष्टी एकत्र धरतात : ती घटना घडण्याची शक्यता किती आणि घडलीच तर तिचा फटका किती मोठा. त्यातून निघणारा रंग प्रशासनाने व लोकांनी काय करावे ते सांगतो. हिरव्यात काही करण्याची गरज नसते, पिवळ्यात कान उघडे ठेवून माहिती घेत राहायचे असते, नारिंगीत तयारीत राहायचे असते आणि लालमध्ये प्रत्यक्ष हालचाल करायची असते.

आता तुमच्या लख्ख उन्हाविषयी. इशारा जिल्ह्याला दिलेला असतो आणि रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून राजापुरापर्यंत पसरलेला आहे. आकाशवाणीवर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत की, कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. हे शब्द निवेदकाच्या सोयीचे नाहीत, त्यांना आकड्यांचा अर्थ आहे. त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांवर असेल तर ‘बहुतांश’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार’ असा इशारा तंतोतंत खरा ठरूनही जिल्ह्यातील बहुसंख्य गावांना तो खोटाच वाटणार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरातील कुलाब्याला तो ७५ मिलिमीटरच्याही आत राहिला. त्या दिवशी आजच्यासारखा रंग दिलेला असता, तर कुलाब्यातल्या माणसाने हवामान खात्याची टिंगलच केली असती.

चिपळूणबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये तुमच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा तुफान पाऊस आणि पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती या गोष्टी एकत्र आल्या होत्या. वाशिष्ठीचे पाणी कोणत्या गल्लीत किती चढेल हे पावसाचा जिल्हावार रंग सांगू शकत नाही आणि आमच्या मते रंगांच्या इशाऱ्यातील खरी उणीव ही आहे. खाडीच्या काठच्या गावाने रंगाबरोबर भरतीचे वेळापत्रकही पाहायला हवे.

प्रश्न : देशावर येणाऱ्या सर्व संकटांवर लक्ष ठेवणारी एकच खोली कुठे आहे का? की प्रत्येक खात्याचा सवता सुभा आहे? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सुभे वेगळे आहेत, मात्र त्यामागे कारण आहे. ढग पाहणाऱ्याला जमिनीचा कंप कळत नाही आणि नदी मोजणाऱ्याला समुद्राचा तळ दिसत नाही. यांतील सर्वांत जुने घराणे हवामान विभागाचे. १८६४ मध्ये कोलकात्याला चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले, त्यानंतरच्या काही वर्षांत पावसाने दगा दिल्याने दुष्काळ पडले आणि १८७५ मध्ये या विभागाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय कोलकात्याहून सिमल्याला, तेथून १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यातील सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्या अनेकांना या नावाचे कोडे पडते. हवामान खाते सिमल्याहून तेथे आले, म्हणून ते नाव.

आज पाऊस, वादळ, उष्णतेची लाट आणि चक्रीवादळ हवामान विभागाकडे आहेत. नद्यांच्या पुराचे अंदाज केंद्रीय जल आयोग देतो. त्सुनामी आणि उंच लाटांचे इशारे हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून निघतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर २००७ मध्ये तेथे इशारा केंद्र सुरू झाले. भूकंपांची नोंद दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र घेते, दरडींचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि जंगलातील वणव्यांच्या सूचना उपग्रहांवरून भारतीय वन सर्वेक्षण पाठवते. या सर्वांचे इशारे एकाच ठराविक मांडणीत आणून संबंधित जिल्ह्यातील फोनपर्यंत पोहोचवण्याचे काम राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतून होते. म्हणजे आपण म्हणता ती एकच खोली नसली, तरी सगळ्या खोल्यांची दारे उघडणारा एक व्हरांडा आता तयार झाला आहे.

पाहण्याची साधने कोणती, असेही काहींनी विचारले आहे. इन्सॅट ३डीआर आणि इन्सॅट ३डीएस हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढगांचे छायाचित्रण करत असतात. त्यांच्यामुळे समुद्रावरचे वादळ जन्मल्यापासून नजरेत राहते. ढगाच्या पोटात पाणी किती आणि ते कोणत्या दिशेने धावते आहे, हे डॉप्लर रडार सांगते. देशात आज अशी सुमारे चाळीस रडार आहेत. मुंबईत कुलाब्याला आणि वेरावलीला, तसेच नागपूरला व गोव्यालाही रडार आहे. मात्र रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वळते. दोनशे किलोमीटरवर पोहोचेपर्यंत तो झोत जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर वर गेलेला असतो. पावसाळ्यातील ठेंगणे ढग त्याच्या खालून निसटतात आणि वाटेत डोंगर आला तर पलीकडचे काहीच दिसत नाही. सह्याद्रीच्या खोऱ्यांसाठी अनेक छोटी रडार लागतात ती यामुळेच. एक प्रचंड रडार बसवून हा प्रश्न सुटणारा नाही.

राहिले गणित. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक २०२४ मध्ये सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकटीतून वातावरण पाहणारी नवी अंदाजप्रणाली देशाने स्वीकारली. त्याआधीची चौकट १२ किलोमीटरची होती. चौकट लहान झाली तरी आरंभीची निरीक्षणे विरळ असतील तर उत्तरही तितकेच कच्चे येते. आमच्या मते महासंगणकाच्या बातमीला जेवढी जागा मिळते, तिच्या निम्मी जरी चालू स्थितीतील पर्जन्यमापकांना मिळाली तर बरे होईल.

प्रश्न : पूर आला की आम्ही फक्त आयर्विन पुलाचे फूट विचारतो. पाणी किती चढणार हे दोन दिवस आधी नेमके का सांगता येत नाही? — काही वाचक, सांगली व कोल्हापूर

उत्तर : आपण फूट विचारता ते अगदी बरोबर करता. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. कोल्हापूरला पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले आठवत असेल.

नदीचा अंदाज हा पावसाच्या अंदाजाहून निराळा असतो. डोंगरात पडलेले पाणी आधी पडलेले असते, ते मोजलेले असते आणि त्याला खाली उतरायला वेळ लागतो. वरच्या केंद्रावर पातळी किती चढली म्हणजे खालच्या केंद्रावर किती तासांनी किती चढते, याचे जुन्या पुरांवरून बसवलेले गणित ही जल आयोगाची मूळ पद्धत आहे. कोयना धरणातून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस लागतो. हा एक दिवस ही आपल्या हातातील खरी मुदत. त्यापलीकडचा अंदाज द्यायचा तर अजून न पडलेल्या पावसाचा अंदाज धरावा लागतो आणि तेथे अनिश्चितता शिरते. तरीही जल आयोग आता पावसाच्या अंदाजावर आधारित अशी काही दिवस आधीची सूचना देतो आणि ‘फ्लडवॉच इंडिया’ या अॅपवर देशभरातील केंद्रांची पातळी पाहता येते.

सांगलीचे दुखणे मात्र नुसत्या कोयनेने समजत नाही. शहराच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि आणखी पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येते. तिन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की, खालच्या नद्या वरच्या नदीची वाट अडवतात. त्यातच पुढे कृष्णेला उतार कमी असल्याने पाणी रेंगाळते. पूर चढायला एक दिवस लागतो आणि ओसरायला आठवडा, असा अनुभव येतो तो यामुळे. यात धरणांचाही वाटा असतो. कोयनेची क्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. पाणी कधी सोडायचे हे ठरवताना धरण भरून ठेवण्याची गरज आणि पुरासाठी जागा राखण्याची गरज या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात. त्याच्या अगदी उलट टोकाला राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात आणि कोल्हापूरकर मग ‘किती दरवाजे उघडले’ एवढ्या एका आकड्यावर आपला बाडबिस्तरा हलवायचा की नाही ते ठरवतात. कोणत्याही नकाशापेक्षा हा आकडा लोकांना पटकन कळतो.

पत्रलेखकांपैकी एकाने विचारले आहे की, पातळीऐवजी ‘आपल्या घरात पाणी येणार का’ हेच का सांगत नाहीत. मागणी योग्य आहे. पुलाजवळ अमुक फूट म्हणजे अमुक गल्लीत पाणी, असे तक्ते नगरपालिकांकडे आणि त्याहून अधिक म्हाताऱ्या माणसांकडे असतात. ते तक्ते प्रत्येक पुरानंतर दुरुस्त करावे लागतात, कारण मधल्या काळात भराव पडलेले असतात.

प्रश्न : बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. हा तीन आकडा कुठून आला? दहा नंबर लागल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. — एक मच्छीमार, देवगड

उत्तर : पाहावे लागले नाही, हे भाग्यच म्हणायचे. भारतीय बंदरांवर धोक्याच्या अकरा खुणा आहेत. एक आणि दोन नंबर सांगतात की, दूर समुद्रात काहीतरी घडत आहे. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदराच्या परिसरात सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे, जपून राहा. पाच ते सात म्हणजे धोका आणि आठ ते दहा म्हणजे मोठा धोका. आपण बावटा म्हणतो, पण दिवसा शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. अकरावी खूण आम्हाला सर्वांत बोलकी वाटते : इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे. ज्या काळात तारा तुटणे ही रोजची गोष्ट होती, त्या काळाने ‘आम्हाला काहीच कळत नाही’ यालाही धोक्याच्या यादीत जागा दिली.

चक्रीवादळाच्या बाबतीत देशाने गेल्या पाव शतकात खरोखर मोठी मजल मारली आहे. ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ च्या फायलिनमध्ये आणि २०१९ च्या फनीमध्ये काही डझन माणसे दगावली, कारण दरम्यानच्या काळात अंदाज सुधारला, निवारे बांधले गेले आणि दहा लाखांहून अधिक लोकांना वेळेत हलवण्याची शिस्त बसली. अरबी समुद्रात मात्र तेवढी सवड नेहमी मिळत नाही. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकलेले ‘निसर्ग’ कमी दाबाच्या पट्ट्यातून चक्रीवादळ होऊन किनाऱ्याला येईपर्यंत जेमतेम दोन-तीन दिवस गेले होते.

तुमच्यासाठी अधिक धोक्याचा काळ पावसाळ्यानंतरचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण नोव्हेंबरमध्ये होड्या समुद्रात असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ने कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना गाठले ते असेच. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत गेले की मोबाइल मुका होतो. २०१७ च्या ओखी वादळानंतर उपग्रहावरून संदेश घेणारे ‘जेमिनी’ नावाचे उपकरण मच्छीमारांसाठी तयार केले गेले. त्यावर इशारा मिळतो. त्यावरून उलट निरोप मात्र पाठवता येत नाही, हे लक्षात ठेवून सोबत वायरलेस संच ठेवावा.

प्रश्न : वीज पडण्याची सूचना फोनवर येते, पण शेतात असताना काय करायचे? — एक शेतकरी, बीड जिल्हा

उत्तर : येथे मुदत अर्ध्या तासाची, कधी त्याहूनही कमी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजा टिपणारे संवेदक बसवले आहेत आणि त्यांवर आधारलेले ‘दामिनी’ अॅप आपल्या भोवतीच्या २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल तर सांगते. भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांतील बहुतेक उघड्यावर काम करणारी असतात. मराठवाड्यात व विदर्भात मृगाच्या आधीचे आणि पेरणीचे दिवस सर्वांत वाईट.

फोन नसला तरी कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात अंक मोजावेत. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि काम सोडण्याची वेळ झाली आहे. पक्के घर किंवा बंद टपाची गाडी हा खरा आसरा. बांधावरचा आंबा किंवा चिंच हा आसरा नव्हे, कारण झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते. तारेचे कुंपण आणि विहिरीवरचा पंप यांपासून दूर व्हावे. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, चौघे जण असतील तर एकमेकांपासून अंतर ठेवावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावायला घाबरू नये. त्याची छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न ताबडतोब करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शेणाने लिंपण्यात किंवा मातीत पुरण्यात जी मिनिटे जातात, तीच त्याच्या जगण्याची असतात.

प्रश्न : माझ्या फोनवर एकदा कर्कश भोंगा वाजला आणि पडद्यावर सरकारी संदेश उमटला. सासूबाई घाबरून गेल्या. हा प्रकार बंद करता येतो का? — एक गृहिणी, पुणे

उत्तर : बंद करता येतो, पण कृपया करू नका. २०२३ पासून देशभर या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत. नेहमीचा एसएमएस एकेका क्रमांकाला पाठवावा लागतो, त्यामुळे लाखो लोकांना तो पोहोचायला वेळ लागतो आणि गर्दीच्या वेळी तो अडकतो. हा भोंग्याचा संदेश मनोऱ्यावरून आकाशवाणीसारखा एकदाच सोडला जातो आणि त्या मनोऱ्याच्या टापूतील प्रत्येक फोन तो ऐकतो; तुमचा क्रमांक कोणाला माहीत असण्याची गरज नसते आणि फोन मुका ठेवला असला तरी बहुतेक वेळा भोंगा वाजतो. संदेशात ‘चाचणी’ असे लिहिलेले असेल तर काही करायचे नसते. सासूबाईंना एकदा तो संदेश मोठ्याने वाचून दाखवावा.

प्रश्न : अमुक तारखेला मोठा भूकंप होणार, असा संदेश आमच्या गटावर दर वर्षी सप्टेंबरात फिरतो. त्यात तथ्य असते का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नसते. भूकंपाची तारीख, वेळ आणि जागा आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. सप्टेंबरात तो संदेश का फिरतो, हे आपण जाणता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना किल्लारीची जमीन हादरली. तो भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. माणसे गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांच्याखाली. भूकंपाच्या बाबतीत मुदत हवी असेल, तर ती घर बांधताना मिळते.

काही सेकंदांची एक सवड मात्र विज्ञानाने मिळवली आहे. भूकंपाच्या पहिल्या, फारशा न दुखवणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जातात आणि मागून येणाऱ्या विध्वंसक लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने. पहिल्या ओळखून दुसऱ्यांच्या आधी भोंगा वाजवायचा, हे तत्त्व. उत्तराखंडात २०२१ मध्ये आयआयटी रुरकीच्या मदतीने असे अॅप सुरू झाले. २०२३ पासून अँड्रॉइड फोनवरही अशी सोय भारतात आली. केंद्रापासून शंभर किलोमीटरवरच्या माणसाला यातून दहा-बारा सेकंद मिळू शकतात. किल्लारीसारख्या उथळ भूकंपात केंद्राच्या डोक्यावर असलेल्या गावाला एकही मिळत नाही. महाराष्ट्राने या विषयाला दिलेली देणगी कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून तो टापू धरणाच्या पाण्याने चाळवलेल्या भूकंपांच्या अभ्यासाचे जगप्रसिद्ध ठिकाण आहे आणि तेथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकांची तपासणी केलेली आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात तळिये झाले. दरडीचा इशारा मिळतो का? — एक ग्रामपंचायत सदस्य, महाड

उत्तर : या पत्राचे उत्तर देताना लेखणी जड होते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि १५१ माणसे गेली; गाव दिसत नाही हे प्रथम एसटीच्या चालकाच्या लक्षात आले, कोणत्याही यंत्राच्या नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास डोंगराच्या पलीकडे महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, तेथे गाडीरस्ता नव्हता आणि मदतपथकांना डोंगर चढून जावे लागले.

देशाच्या भूभागापैकी सुमारे साडेबारा टक्के भाग दरडींच्या धोक्यात येतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याचे नकाशे केले आहेत आणि २०२४ मध्ये कोलकात्याला दरडींच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. रोजचे अंदाज देण्याची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून झाली. हे अंदाज टापूंचे असतात. कोणती टेकडी कोणत्या रात्री सुटेल, हे त्यातून कळत नाही. उतार कसा आहे, माती किती जाड आहे, गेल्या चार-पाच दिवसांत तिने किती पाणी प्यायले आहे आणि आज किती पाऊस आहे, यांवर ते बेतलेले असतात. म्हणून मुदत एक दिवसाची असली तरी ती फार ढोबळ असते, आणि यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा कोणत्याही ग्रामपंचायतीने घेऊ नये.

डोंगर स्वतः जे सांगतो ते गावकऱ्यांनाच आधी दिसते. घराच्या जोत्याला किंवा वरच्या शेताला नवी भेग पडणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, एरवी नितळ असलेला झरा गढूळ होणे किंवा पावसातही अचानक आटणे, यांपैकी काही दिसले तर तहसील कार्यालयाला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकाला कळवावे आणि उत्तराची वाट न पाहता रात्रीपुरते तरी उतारावरून हलावे. शाळेत जाऊन झोपलेली आणि सकाळी सुखरूप परतलेली माणसे त्या रात्रीची चेष्टा करतील. करू द्यावी.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांकडून रोजचा पाऊस मोजून घ्यावा असे मनात आहे. विकतचे यंत्र परवडत नाही. — एक शिक्षिका, भोर तालुका

उत्तर : अवश्य मोजावा. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, तरी एका मंडळात अनेक गावे येतात आणि घाटमाथ्यावर एका खिंडीतला पाऊस दुसऱ्या खिंडीत नसतो. केरळात वायनाडमधील ह्यूम सेंटर ही संस्था स्थानिक लोकांच्या मदतीने पर्जन्यमापकांचे दाट जाळे चालवते; ३० जुलै २०२४ च्या मुंडक्कै-चूरलमला दुर्घटनेच्या आदल्या दिवशी तिने या नोंदींवरून प्रशासनाला धोका कळवला होता, असे तेव्हा प्रसिद्ध झाले.

तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, सरळ भिंतींचा कोणताही डबा चालेल. निमुळती बाटली नको. तो उघड्या जागी, जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, वाऱ्याने कलंडणार नाही असा बसवावा आणि आतल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी, रविवारी आणि सुट्टीतही, त्यासाठी मुलांच्या पाळ्या लावाव्यात. मोजल्यावर डबा ओतून रिकामा करावा. पाऊस पडला नसेल त्या दिवशी जागा कोरी न सोडता शून्य लिहावे, आणि तारीख आदल्या दिवशीची न घालता मोजले त्या सकाळची घालावी. हवामान विभागाच्या वह्यांतही तशीच असते, म्हणजे पुढे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहता येतील.